खांदशेकणीचं आवतन

मी, विजयमाला इंद्रभान राऊत, वय एकसष्ट, धंदा बागायती शेती व भाजीविक्री, राहणार इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस गावात अजून जन्मायचा आहे. दाखल्यासाठी डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, तो चोख निघाला. सोबत आलेल्या माझ्या एकुलत्या एका मुलीचा, तनुजाचा, वय अठ्ठावीस, माझ्याहून जास्त निघाला. म्हणून हा कागद आजच करते आहे.

१. इंझोरी शिवारातील विहिरीसह दोन एकर बागायत आणि राहतं घर माझ्या पश्चात एकट्या तनुजाचं. अट कोणतीही नाही. तिने वांगी लावावीत, मक्त्याने द्यावं, की नुसतं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसावं, तिची मर्जी. ती मुंबईला एका मोठ्या बँकेत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. साहेबाने रात्री दोनला "पुन्हा करून दे" म्हटलं तर "आता नाही" म्हणता यावं, आणि तसं म्हटल्यावर पायाखाली जमीन असावी, एवढ्यासाठी ही जमीन आहे.

२. धाकटे दीर भागवत यांनी दरसाल बोट-बोट करून माझा धुरा कोरला. गेली ती जागा त्यांच्याकडेच राहू द्यावी. तनुजाने भांडायला जाऊ नये, झोप उडते. मात्र "पोरीले शिकवून का कलेक्टर करतं का वहिनी?" हे त्यांचे शब्द मी विसरलेले नाही, याची नोंद असावी.

३. माझा तराजू मंगरूळपीरच्या बाजारात शेजारी बसणाऱ्या उज्ज्वलाला. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून तिची सही घेतली नाही. त्यावरून ती फुगून बसली आहे. तराजू मिळाल्यावर उतरेल.

४. बैलजोडी तनुजाची. विकू नये. कारण लिहिते.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी शेकायचं आणि "आज आवतन घे, उद्या जेवाले ये" म्हणत बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. तनुजाचे वडील गेल्यापासून ते मीच करते. मागच्या साली एका बैलाचा खांदा सुजला होता, तर पंधरा दिवस मी त्याला जुंपलं नाही. त्याच साली खांदशेकणीच्या संध्याकाळी, हात तुपाचे असताना, तनुजाचा फोन आला.

"आई, छातीत धडधड होते. दोन दिवस घरी येऊ का?"

मी म्हटलं, "अशी नोकरी नशिबानं भेटते, बाई. धीर धर."

तिच्या पगाराचा आकडा मी बाजारभर सांगत फिरले होते. पोरगी परत आली तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. बैलाला जेवायला बोलावलं आणि लेकीला येऊ नको म्हटलं. या जूनमध्ये ती ऑफिसच्या जिन्यात कोसळली. चूक माझी आहे. तिच्या साहेबाचीही आहे, पण त्याला माझ्या मृत्युपत्रात जागा नाही.

५. रजेवर आल्यापासून ती भाकर मागून खाते, सकाळी मळ्यात मेथी खुडते. यंदाच्या खांदशेकणीला उरलेलं हळद-तूप मी तिच्या आखडलेल्या मानेला चोळलं.

"मी काय बैल हाय का, आई?"

"बैल असती तं मागच्याच साली जुवातून सोडलं असतं तुले."

दोघी हसलो, मग मी रडले. त्या रात्री ती दिवस वर येईपर्यंत झोपली. परवा तिने ऑफिसला कळवलं: दिवाळीनंतर येईन, पण संध्याकाळी सहाला कामावरून उठेन, जमत नसेल तर तसं सांगा. उत्तर अजून आलेलं नाही. काहीही येवो, मला त्याची भीती वाटत नाही.

६. बाकी सगळं माझ्या मरणानंतर अंमलात यावं. हे कलम मात्र आजपासून लागू आहे, आणि मी नसले तरी रद्द होत नाही. मागच्या साली फोनवर बोलायचं राहिलं, ते इथे लिहून देते: तनुजा, जिथं असशील तिथून, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

ठिकाण: इंझोरी. दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५.

सही: विजयमाला इंद्रभान राऊत

आमच्यासमोर वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबल्या, पण एक शब्दही बदलला नाही.
साक्षीदार: १. मंजुषा देशमुख, शिक्षिका. २. हेमसिंग राठोड, शेजारी.