ओव्हरडू आणि हरणी

५ मे, सोमवार
जयवंता आठ दिवसांसाठी माहेरी, अंथुर्ण्याला गेली. वैष्णवी आईसोबत. घरात मी, माझे वडील तात्या आणि हरणी. हरणी म्हणजे जयवंताची गाय, लेकीपेक्षा लाडकी. जाताना मला चारदा बजावलं, पेंड मापानंच घाला, जास्तीचं काय बी चारू नगा. एमआयडीसीत अकरा वर्षं दुधाच्या पिशव्या भरतोय, मला दुधातलं कळत नाही?
संकल्प : नऊ लिटरचं बारा करून दाखवायचं.

रात्री ८
सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूसाठी वैष्णवी फोनवर इंग्रजी शिकवतेय. आजचं क्रियापद ओव्हरडू. म्हणजे चांगलीच गोष्ट इतकी करायची, की तिचं वाटोळं होतं. तीन वाक्यं केल्याशिवाय पुढचा शब्द नाही. पाठवलं : आय नेव्हर ओव्हरडू एनिथिंग. मास्तरीणबाई म्हणाल्या, व्याकरण बरोबर आहे, पप्पा. खरं वाक्य पाठवा.

६ मे
पेंड दीडपट. दूध साडेनऊ! बघा म्हणावं.

७ मे
शेजारी नागेशच्या लग्नातली बुंदी उरली होती. घमेलंभर आणली. गोडानं ताकद येतेच. हरणीनं घमेलं चाटून लख्ख केलं. तात्या बांधावरून हात हलवून काहीतरी ओरडत होते. कौतुक असावं.

८ मे, सकाळी ६
हरणी उठेना. पोट टम्म. तोंडाला फेस.

८ मे, दुपार
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. सलाइन, सोडा. दोन दिवसांत उभी राहिली तर जगेल म्हणाले. काय चारलं, विचारलं. माझ्या तोंडून निघालं, तात्यांनी बुंदी चारली, वय झालंय त्यांचं. तात्या शेजारीच उभे. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, व्हय, चुकलं माझं.
हे बरं केलं नाही मी. पण डॉक्टरांचा मेहुणा आमच्याच प्लँटला आहे. इंटरव्ह्यूचाही विचार करावा लागतो.

९ मे
हरणी बसूनच. तात्या कालपासून गोठ्यात, तिचं पोट चोळतायत. जेवले नाहीत. मलाही घास गेला नाही. दोनच भाकरी खाल्ल्या.
खरं सांगायचं ठरवून जयवंताला फोन लावला. परत तात्यांचंच नाव सांगितलं. ती म्हणाली, येते मी.
वैष्णवीचा मेसेज : दुसरं वाक्य? फोन पालथा ठेवला. स्वतःची लाज वाटते.

१० मे
हरणी पहाटे उभी राहिली! रवंथ करतेय. दूध दोन लिटर, पण असू दे. तिच्या गळ्यात पडून रडलो. ती शिंकली.
जयवंता आली. ठरवलं, चहा झाला की कबूल करायचं. चहा झाला. मग म्हटलं, जेवण झाल्यावर. जेवणही झालं.

१० मे, संध्याकाळी ७
सांगितलं एकदाचं. तात्यांनी नाही, मी चारली बुंदी.
जयवंता शेण काढत होती. मान वर न करता म्हणाली, ठावं हाय. ज्या माणसानं तीनशे मेंढरं राखली, त्यो गाईला घमेलंभर बुंदी चारंल व्हय? फोनवरच कळलं म्हणे तिला.
मग मला बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणाली, मामंजींनीच सांगितलं, पोरगं लई भ्यालंय, त्याला आत्ता काय बोलू नगंस.
मला सत्तेचाळिसावं चालू आहे.