अकरा वाजताचा श्वास

काल्हेर,
मंगळवार, ३ फेब्रुवारी

तीर्थरूप काशीआत्यास,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर मनोजदादा तो अंगणात उभा राहून अख्ख्या अकलोलीला वाचून दाखवतो. म्हणून पत्र. अनंताकाका टेम्पो घेऊन तिकडेच येताहेत, त्यांच्या हाती देते.

आखातातल्या नोकरीच्या परवान्याची परीक्षा बावीस तारखेला आहे. आज सराव करताना प्रश्न आला, चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल. मी श्वास मिनिटाला अठ्ठावीस असलेला निवडला. उत्तर बरोबर आलं आणि मी पुस्तक मिटलं.

काल आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर केसरीनाथ होते, इथल्याच गोदामात हमाली करणारे. हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. अकरा वाजता मी ताप, बीपी, नाडी घेतली. नाडी ११२ होती. श्वास मोजायच्या आत डॉक्टरांनी हाक मारली. परत आल्यावर चार्टवर मी न मोजताच २० लिहून टाकलं. आमच्याकडे सगळे तसंच लिहितात. रीमा सिस्टर तर म्हणतात की आपल्या वॉर्डात मेलेला माणूसही वीसनेच श्वास घेतो. त्यावर मीही हसलेली आहे.

चार वाजता त्यांचे ओठ निळे पडले. ठाण्याला हलवलं, तिथे ते व्हेंटिलेटरवर आहेत. मला कोणी काही विचारलेलं नाही.

दाजीआजोबांच्या आजारपणात तूच मला शिकवलं होतंस, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, त्यांना कळू न देता छातीकडे बघत श्वास मोजायचा. मी नऊ वर्षांची होते आणि चुकत नव्हते. आता बोलले तर मेट्रन अनुभवाचा दाखला देणार नाहीत, आणि दाखल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आत्या, मी काय करू?

हे वाचूनही लोभ असू दे.
तुझी,
उन्नती


अकलोली,
बुधवार, ४ फेब्रुवारी

चि. उन्नतीस,
काशीआत्याचे अ. उ. आ.

पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यात तू जास्त आहेस आणि पेशंट कमी. चौतीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढल्यावर मला आधी तेच खटकलं.

तो चार्ट त्याच्याबरोबर ठाण्याला गेला असणार. तिथले डॉक्टर काय वाचताहेत? अकराला श्वास ठीक, चारला ओठ निळे. म्हणजे अचानक झालं. ऑपरेशननंतर अचानक धाप लागली की ते आधी फुप्फुसात रक्ताची गाठ शोधणार. सकाळपासूनच धाप वाढत गेली असेल, तर संसर्गाचा विचार आधी येईल. तुझा वीसचा आकडा अजून त्याच्या उशाशी बसून खोटं सांगतोय. पाप-पुण्याचं नंतर बघ.

दाखल्याचं मला काही सांगता येत नाही. तू परदेशी जावीस असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या तुळजाला तर मी तुझ्या विमानाची वेळसुद्धा सांगून बसले आहे. तरी आजच ठाण्याला जा. अनंता दुपारपर्यंत पोचेल. जेवून निघ.

माझा आशीर्वाद मागावा लागत नाही.
काशीआत्या


काल्हेर,
गुरुवार, ५ फेब्रुवारी

ती. काशीआत्यास,
सा. न. वि. वि.

काल पत्र वाचलं तशी निघाले. जेवले नाही, रागावू नकोस. आयसीयूच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग अकराला श्वास किती होता. मला माहीत नाही असं म्हणावं लागलं. खरं सांगायला गेले होते आणि माझ्याकडे खरा आकडाच नव्हता. त्यांनी वीसवर काट मारली, मोजला नाही असं लिहिलं, आणि नाडी तरी खरी आहे ना, असं विचारलं. गाठ त्यांनी शोधली होती, सापडली नव्हती. त्यांनी छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितला आणि औषध बदललं.

आज मेट्रनना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

जीव लावत राहा.
उन्नती


काल्हेर,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

ती. काशीआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मधल्या पत्रात एकच ओळ होती, त्यांच्या बायकोला सांगितलंस का. उत्तर द्यायला उशीर झाला.

केसरीनाथ आठ तारखेला गेले. संसर्ग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. अकराला मोजलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं.

बारावं झाल्यावर मी त्यांच्या बायकोकडे, सीताबाईंकडे गेले. त्या ओरडल्या नाहीत. काय समजलं न्हाय, पहिल्यापासून सांग, म्हणाल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की श्वास मोजायला वेळ किती लागतो. मी म्हटलं, एक मिनिट. त्या उठून आत गेल्या. मी ओट्यावरून उतरले आणि निघाले.

रविवारी परीक्षा झाली. मी घरी होते. दुसरीकडे वर्षभर काम केल्याशिवाय दाखला मिळणार नाही. उद्या अंबाडीच्या एका दवाखान्यात मुलाखत आहे. अर्जात आधीची नोकरी का सोडली असा एका ओळीचा रकाना आहे. रीमा सिस्टरनी फोन करून बजावलं की घरगुती कारण लिही, सगळे तेच लिहितात. मी खरं कारण लिहायला घेतलं. ओळ पुरली नाही. कागद उलटून कोऱ्या बाजूवर केसरीनाथांच्या नावासकट सगळं लिहिलं, आणि खाली सही केली.

तुझा लोभ पूर्वीइतकाच राहावा, एवढंच मागते.
उन्नती