जावयाचा पट्टा

२ जानेवारी, शुक्रवार. अंबरनाथ पूर्व

नवं वर्ष, नवं घर, नवी डायरी. लोकांच्या बायका सासरी जातात. इथे मीच बॅग उचलून सासरी आलो. कारखान्यातली पोरं घरजावई म्हणून चिडवतात. चिडवू देत. शेजारच्या गावात कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्टर, तिथेच माळ्यावर झोपायचो. बायकोचे, म्हणजे पायलचे बाबा, सोमाशेठ, पहिल्याच भेटीत म्हणाले की तुमच्या मागेपुढे कोणी नाही, मग भाड्याच्या खोलीत संसार कशाला? आईवडील, भाऊबहीण खरंच कोणी नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मला भरून आलं. इतकी चौकशी माझी कोणी केली नव्हती.

घर तीन मजली आहे. सासूबाई मोतीबाई, मेहुणा महेंद्र आणि पायलची थोरली बहीण नेत्राताई. नेत्राताईंचे मिस्टर अमित, म्हणजे माझे साडू, बोटीवर नोकरीला आहेत म्हणे. भिंतीवर त्यांचा लग्नातला फोटो आहे. कमरेला चामड्याचा पट्टा आणि त्यावर वाघाच्या तोंडाचं हे एवढं बक्कल. माणूस हौशी दिसतो. आले की जमेल आमचं.

८ जानेवारी, गुरुवार

जावयाचे लाड ऐकून होतो, आता पोटावर दिसायला लागलेत. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबी, वर खरवस. नको म्हटलं की सासूबाई ताटात आणखी वाढतात. “खावा जावई, पोटभर खावा. दर्याव थंड आसतो.”

दर्याचं कळलं ते असं. हे घराणं मूळचं मिठागरवाल्यांचं. समुद्रकाठी त्यांचं जुनं मिठागर आणि एक झोपडी अजून आहे. घरात नवा जावई आला की पौषातल्या अमावस्येला सगळे तिथे जातात आणि रात्री किनाऱ्यावरून मुशी धरतात. मुशी म्हणजे शार्कच. किनाऱ्यावरून गळ तेवढा लांब जात नाही, म्हणून कोणीतरी आमिष घेऊन लाटांपलीकडे पोहत जायचं. तो मान जावयाचा. कमरेला दोर असतो आणि दुसरं टोक महेंद्रच्या हातात, त्यामुळे काळजी नाही. मी उल्हास नदीत पोहायला शिकलोय. लगेच हो म्हटलं. जावयानं मान नाकारला तर घराची शोभा होते.

१२ जानेवारी, सोमवार

आज कारखान्यात माझ्यासाठी पट्टा शिवला. दोर नुसता कमरेला काचतो, रुंद पट्टा हवा, ही कल्पना पायलची. माप तिनंच घेतलं, गुदगुल्या करत. डेनिमचे चार पदर, तिहेरी टाका, पाठीवर लोखंडी कडी. कडी पुढे लावतो म्हटलं तर पायल म्हणाली, पाठीवरच हवी. माझा टाका आजवर उसवलेला नाही. जेवताना पट्टा सगळ्यांनी ओढून पाहिला. सासूबाई खूश. चामडं खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणाल्या. चामड्याचा कोणी वापरला होता, असं मी विचारलं. सगळे एकदम जेवायला लागले.

१४ जानेवारी, बुधवार

पहिली संक्रांत. पायल काळ्या साडीत, माझ्या गळ्यात हलव्याचा हार. पायल इतकी गोड हसत होती की बदलापूरकडून येणारा गारठाही जाणवेना. नेत्राताईंनी तिळगूळ दिला आणि माझा हात सोडलाच नाही. कात्री जवळ ठेवा, एवढंच पुटपुटल्या. तेवढ्यात सासूबाई आल्या. कटिंग मास्टरला कात्री जवळ ठेव म्हणून सांगायचं! पण नेत्राताईंचा हात बर्फासारखा होता. बॅगेत माझी मोठी कात्री टाकली.

१८ जानेवारी, रविवार. समुद्रकाठ, झोपडीत

थंडी हाडात शिरलीय. बाहेर शेकोटी पेटवलीय. नेत्राताई घरीच राहिल्या.

पट्ट्याचं बक्कल पायलनं काढून टाकलं. पाण्यात सुटतं म्हणे. पट्टा माझ्या अंगावरच नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून टाकला आणि गाठ दातानं तोडली. तिचा श्वास पाठीला लागला तेव्हा बरं वाटलं. महेंद्रनं कडीत दोर अडकवला. दोराच्या आत पोलादी तार आहे. आमिष कुठे आहे विचारलं तर सासरे म्हणाले, वेळेवर मिळेल. भरतीपर्यंत पडा म्हणाले.

थोड्या वेळानं

झोपडीच्या खुंटीला एक पट्टा आहे. चामड्याचा. अर्धाच. तुटलेल्या कडेला दातांच्या खुणा, ओळीनं. बक्कल वाघाचं.

अमित बोटीवर नाही.

बॅग उपसली. कात्री नाही. तिच्या जागी फडक्यात तिळगुळाचा डबा गुंडाळलेला. बाकीची बॅग नंतर पायलनं भरली होती.

नेत्राताईंचा फोन आला. रडत होत्या. मुशी धरायला कोणी जातच नाही, म्हणाल्या. दर्यातून ती येते, तिला माणूस द्यायचा असतो. घरचं रक्त द्यायचं नाही आणि परका तिला चालत नाही. म्हणून जावई. अमितच्या वेळी पट्टा तुटला, तिला अर्धवटच मिळालं, म्हणून पुन्हा—

आधी का नाही सांगितलंत, मी ओरडलो. तुम्ही पळाला असता तर नव्या जावयासाठी बाबांनी माझं दुसरं लग्न लावलं असतं, म्हणाल्या.

पायलला माहीत होतं का?

पट्टा कोणी सुचवला, एवढंच त्यांनी विचारलं. फोन बंद झाला.

गुदगुल्या करत माप घेतलं होतं तिनं. मुशी परवडली. हे सहन होत नाही.

पट्टा निघत नाही. पाठीवरच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. नखं मोडली. चार पदर. तिहेरी—

भरती लागली वाटतं. दोर हलला. महेंद्रनं ओढला असेल.

दारातून पाहिलं. सगळे शेकोटीपाशी. सासरे, सासूबाई, महेंद्र, पायल. सगळ्यांचे हात आगीवर. कोणाच्याच हातात दोर नाही. तो त्यांच्या बाजूनं सरळ पाण्यात—

पुन्हा हलला. जोरात.

पायलला हाक मारली. तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग पदर कानावर ओढून घेतला आणि—

दाराची चौकट धरलीय. एका हातानं लिहि—

माझा टाका उसवत नाही. कधीच उस—