भिंतीची भोकं

तीर्थरूप बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही बरं मिळतं.

घरामागच्या उंच भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली, अंगणातला चिखल थांबला, असं तुम्ही मोठ्या कौतुकाने लिहिलंत. आज वर्गात नेमकी तसलीच, माती अडवणारी भिंत शिकवली. मागच्या मातीतलं पाणी त्या भोकांतूनच बाहेर पडतं. तुंबलं की भिंतीलाच ढकलतं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

भोकं मोकळी करा ना, बाबा! गवंडी बोलवा, स्वतः छिन्नी घेऊन बसू नका. गुडघा कसा आहे?

आणि पत्र मिळताच आईची खाट मागच्या खोलीतून पुढे आणा. तिने विचारलंच तर म्हणा, मागे डास फार झालेत.

अंगणात पुन्हा चिखल झाला की लगेच कळवा. तेवढं वाचल्याशिवाय मला झोप नाही.

तुमची,
चिमी