ताईने लावून दिलेलं घड्याळ

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा आणि एक उशी घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तर तिने आधी उशीच ओढून घेतली. म्हणाली, माझ्या घरात काय उशांचा दुष्काळ पडलाय? मागची खोली मला दिली आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात आणि त्यांच्यामागे थोडं आकाश. भाऊजी सोडून गेल्यापासून ताई एकटीच असते. उद्यापासून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. आजारपणानंतरची पहिली नोकरी, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. ताईने स्वतःचं सिमकार्ड असलेलं स्मार्टवॉच भेट दिलं, मी आंघोळीला गेले तेवढ्यात फोनशी जोडूनही ठेवलं. हृदयाचे ठोके फार मंदावले की ते थरथरेल. डॉक्टरांनी तसं घ्यायला सांगितलंच होतं. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, अजून तिची हौस फिटलेली नाही.

६ तारीख, गुरुवार

घड्याळ म्हणजे नसती कटकट. फोनमधून मोठे आकडे निवडले, तर घड्याळात बारीकच. मग घड्याळातच मोठे केले, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा बारीक. एका घरात राहून एकमेकांचं न ऐकणारी नवराबायको. चिमणी, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, याच शहरात असते. तिचे मेसेज मनगटावर येईनासे झाले. सेटिंगमध्ये तिच्या नावापुढे खूण केली की दुसऱ्या दिवशी ती पुसलेली. दुकानाचे मालक म्हणाले, बंद करून चालू करा, आमच्या मिक्सरलाही तेच लागू पडतं. केलं. फरक शून्य. ताई हसली. म्हणाली, मोबाइलमधलं तुला कधी कळलंय?

११ तारीख, मंगळवार

काच घासताना भोवळ आली. मालकांनी पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. घड्याळ मात्र ढिम्म. पाहिलं तर मंद ठोक्यांचा इशाराच बंद होता. तो मी स्वतः चालू केला होता, कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. ताईने जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, हल्ली तू फार विसरतेस, काल गॅस तसाच ठेवलास. मला आठवत नाही. ठेवलाही असेन.

१४ तारीख, शुक्रवार

फोनची बॅटरी संपली होती, तो दुकानातल्या खणात बंद पडला होता. मी घड्याळावर इशारा चालू केला आणि बघता बघता तो आपोआप बंद झाला. बोट न लावता. पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. मग सेटिंगमध्ये खाली खाली जात राहिले. अगदी तळाशी एक ओळ होती. हे घड्याळ लहान मुलाचं म्हणून नोंदवलेलं आहे. पालक म्हणून ताईचं नाव. सगळे बदल तिच्या फोनवरून.

घरी येऊन विचारलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. "इशारा आला की तू घाबरतेस. म्हणून मी बंद करते," म्हणाली. मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं.

१७ तारीख, सोमवार

नोकरी गेली. मालकांना माझ्या नावाने मेसेज गेला आहे, तब्येत साथ देत नाही, यापुढे येणार नाही. मी पाठवलेला नाही. माझा फोन शनिवारपासून दुरुस्तीला आहे. ताईने नेला.

१८ तारीख, मंगळवार

कॉफीच्या तळाशी पांढरा चुरा. काचेवरचा कण पारखणं हे माझं काम, इथे चूक होणार नाही. ठोके कमी करणारी गोळी डॉक्टरांनी अर्धी केली होती. ती मोडून ताईच देते. उरलेली अर्धी —

म्हणून इशारा बंद. घड्याळाने खरं सांगितलं असतं.

माझे केस विंचरता विंचरता ताई म्हणाली. तू आजारी होतीस तेव्हा किती बरं होतं गं. कुठे जायची घाई नाही, कुणी मैत्रीण नाही.

हिच्या बोटाला धरून मी चालायला शिकले.

१९ तारीख, बुधवार

बाहेरून कडी. कॉफी खिडकीतून ओतली. तरी पाय उचलत नाहीत. पाण्यातही असणार.

घड्याळावरून चिमणीला फोन लावला. लागला. हॅलो म्हणाली, कोण बोलतंय विचारलं, आणि — तुटला. घड्याळावर अक्षरं आली. पालकांची परवानगी नाही.

२० तारीख, दुपार

चिमणी आलीय. दारात तिचा आवाज. हाक मारली — माझी मलाच ऐकू आली नाही.

ताई सांगतेय, ती गावी परत गेली, तिचा मेसेज नाही का मिळाला? चिमणी म्हणाली, मिळाला, पण खात्री करावीशी वाटली. ताई म्हणाली, चहा घेऊन जा. नको म्हणाली. थँक्यू म्हणाली ताईला —

जिन्यावर पावलं. खाली चाललीत.

कडी निघाली. ताईच्या हातात पेला. रागावलेली नाही, उलट — वही ठेव म्हणतेय. आ कर म्हणतेय. लहानपणी नाक दाबून औषध पाजायची ना, तस —