पातळ पात्यांचा प्रोपेलर

मी, दादाराव महादेव गजभिये, वय बावन्न, मूळचा नागपूरचा, आता राहणार शुगर लँड, टेक्सास. सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. म्हणून कुणाच्या भिडेला वा दबावाला न जुमानता, तथागतांना स्मरून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक पत्नी राधा हिला. तिला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणतो. अरे, लग्न झाल्यापासून माझ्या सगळ्या मूर्खपणाला दुसरं साक्षीदार आहे तरी कोण? शिलकीतला चौथा हिस्सा मात्र नागपूरच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेला पाठवावा.

२. माझी शर्यतीची बोट 'भीमथडी'. पोटात मोटारीचं अडीच लिटरचं इंजिन बसवलेली ही छोटी हायड्रोप्लेन. वेगात आली की पाण्याला जेमतेम टेकते. राधा तिला सवत म्हणते. ती विकून येतील ते पैसे राधानेच घ्यावेत. सवतीकडून एवढी वसुली व्हायलाच हवी.

३. प्रताप खेडकर याला काहीही देऊ नये. दहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून 'भीमथडी' पळवली. दर शनिवारी माझ्या घरी सावजी मटण ओरपायचा, वर "वहिनी, अजून थोडा रस्सा" म्हणायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला! शर्यतीतल्या आमच्या वर्गात इंजिन सगळ्यांचं सारखंच. फरक पाडतो तो प्रोपेलर. त्याची पाती मी स्वतः कानस मारून घडवतो आणि कुणाला दाखवत नाही. प्रतापने त्याचा साचा काढून घेतला, वेगळी बोट बांधली, आणि माझ्याच पात्यांनी मला हरवलं. बक्षीस घेताना माझ्याकडे बघून हसला मेला. ते मी मेलो तरी विसरणार नाही.

४. मुलगा संजीव. तो प्रोपेलर माझ्या गॅरेजमधून काढून प्रतापला नेऊन देणारा हाच. विचारलं तर म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ प्रॉप. प्रतापकाका मला ड्राइव्ह करू देतात. तुम्ही कधी दिलं?" आता प्रतापची बोट तोच पळवतो. मित्राने केसाने गळा कापला तर माणूस चारचौघांत ओरडतो तरी. पोटच्या पोराने कापला तर कुणाला सांगायचं? त्यालाही काही देऊ नये, असं मी लिहिलं होतं. राधाने ते पान फाडलं.

५. त्यांनी पात्यांचा आकार चोरला, वापरायची रीत त्यांना ठाऊक नाही. ही पाती मी इतकी पातळ करतो, की एका शर्यतीनंतर तो प्रोपेलर भंगारातच टाकायचा असतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण चोरणारा विचारणार कसा? प्रतापने त्या साच्यातला एकच प्रोपेलर उन्हाळाभर चालवलाय. पातं तुटलं तर बोट भर वेगात उलटेल, आणि आत माझा संजीव असेल. मी पोराला फोन केला. "यू जस्ट डोन्ट वॉन्ट अस टू विन," म्हणाला आणि ठेवून दिला. आईचंही ऐकत नाही. प्रताप तर फोनच घेत नाही. म्हणून इथे लिहितो. मरणाच्या कागदावर बाप खोटं लिहीत नाही, एवढं तरी पोर मानेल.

६. बाकीची कलमं मी गेल्यावर वाचा. पाचवं कलम मात्र परवा रविवारी, शर्यतीच्या आधी, साक्षीदारांनी तळ्यावर जाऊन संजीवच्या हातात द्यावं. सोबत माझा जाड पात्यांचा प्रोपेलर द्यावा. तो त्या बोटीला बसतो आणि आजपासून संजीवचा आहे. जरा हळू पळवतो, हरला तर हरू दे. मला बाप म्हणून ओळखलं नाही तरी चालेल. माझं अक्षर तेवढं ओळखावं.

सही: दादाराव म. गजभिये

आमच्यासमोर सही केली:
श्रीराम वासनिक, शेजारी (गाडी हे चालवतील)
मृणालिनी वासनिक (वाचून ह्या दाखवतील, यांचा आवाज मोठा आहे)

शुगर लँड, शुक्रवार, ११ जुलै १९८६