तात्यांच्या फोनातली सोपी गेम

३ फेब्रु., मंगळ. बारामती.
इंदापूरच्या कॉलेजात मी नि ओंकार आम्ही बनवलेली मोबाईल गेम दाखवून आलो. डोकं अजून ठणकतंय. गेम तरी काय, उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, आणि ते सगळं लटांबर मागं मागं घेत दोन बांबूंच्या मधोमध लावायचं. तिसऱ्या पायरीपुढं एक पोरगं गेलं नाही! एकानं तर विचारलं, "ताई, ही गेम हाय का शिक्षा?" सगळे फिदीफिदी.
येताना ओंकार म्हणाला, "दिपाली, सोपी कर." (पार्टनर झाला म्हणून काय झालं. चित्रं नि आवाज त्याचे, बाकी सगळं डोकं माझं.) म्हटलं, मेले तरी करणार नाही. आयतं जिंकण्यात चव कसली? माझा बाप, आमचे तात्या, जत्रेतल्या ट्रॉल्या मागं घ्यायच्या रिव्हर्स स्पर्धेत तीनदा पहिले आलेत, ते काय सोपं होतं म्हणून?

७ फेब्रु., शनि. सणसर.
घरी. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तात्यांचं डावं अंग ओढल्यासारखं आहे. फिजिओच्या मॅडमनी दाबायला चेंडू दिला होता, तो ह्यांनी गोठ्यात भिरकावला. "मी काय कुत्रं हाय व्हय, चेंडू खेळायला?" म्हणून म्हटलं, बघा, डाव्या अंगठ्यानं स्टेअरिंग फिरतं, आपलीच गेम आहे.
पहिली पायरी. ट्रॉली बांधाला धडकली. परत. बांधाला. परत.
कितव्यांदा ते मोजायचं मी सोडलं. मग त्यांनी फोन कॉटवर उपडा ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. पहिली पायरी! कॉलेजच्या पोरांनी गप्पा मारत पार केलेली. कारखान्याच्या यार्डात हा माणूस एका दमात दोन्ही ट्रॉल्या लावायचा आणि बाकीचे ड्रायव्हर हातातला चहा तसाच धरून बघायचे. मी हात धरला त्यांचा. सोडवून घेतला.

८ फेब्रु., रवि.
केलं. फक्त त्यांच्या फोनात. ट्रॉली तिरकी व्हायला लागली की गेमच तिला हळूच सरळ करते. स्वतः खेळून बघितलं, मलासुद्धा कळलं नाही. ओंकारला बोलणार नाही, तो वर्षभर हसेल.
तात्यांना म्हटलं, आधीच्या गेममध्ये चूक होती, आता दुरुस्त केलीय. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. कमाल आहे माझी.

११ फेब्रु., बुध. बारामती.
आईचा फोन. तात्या चौथ्या पायरीवर! "आगं, जेवायला उठंनात. मगापास्नं नुसतं, लावली बघ, लावली बघ." मागून त्यांचाच आवाज येत होता. कित्येक महिन्यांनी एवढा मोठा आवाज.

१४ फेब्रु., शनि. सणसर.
सातवी पायरी. सातवी मला जमत नाही, जिनं केली तिला!
पण हात खरंच सुधारलाय. बोटं मिटतात, अंगठा हलतो. मॅडम म्हणाल्या, काय करताय ते चालू ठेवा. म्हणजे मी चूक केली की बरोबर केलं? डोकं चालत नाही.
दुपारी तात्या झोपले तेव्हा आई त्यांचा फोन घेऊन बसलेली. बांबूंकडं ढुंकून बघत नाही. ट्रॅक्टर सरळ पुढं घेऊन उसाच्या कडेकडेनं फिरवते, ओंकारनं टाकलेले बगळे उडवते. म्हटलं, आई, यात जिंकायचं काय? "जिंकायचं कशाला? घरात काय कमी अवघड हाय?" दोन वर्षं डोकं घातलं त्या बांबूंत, आणि हिला बगळे पुरतात.

१८ फेब्रु., बुध. बारामती.
घोटाळा झाला.
तात्यांनी जत्रेच्या रिव्हर्स स्पर्धेत नाव दिलं. खऱ्या. १ मार्चला. चुलतभाऊ सचिनदादाचा ट्रॅक्टर घेणार. आईनं फोनवर सांगितलं. "सातवी लागली, आता काय ऱ्हायलंय," असं म्हणून स्वतः जाऊन नाव देऊन आले म्हणे. सही डाव्या हातानं करून दाखवली तिथं!
डावा पाय म्हणजे क्लच. गेममध्ये क्लचच नाही. मोबाईलवर पाय कुठं ठेवणार म्हणून मी तो घातलाच नाही. लहानपण तात्यांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गेलं माझं आणि क्लच विसरले! स्पर्धेला दोन्ही बाजूंनी माणसं उभी असतात, कडेवर पोरं घेऊन. देवा रे.

१९ फेब्रु., गुरु.
ओंकारला सगळं सांगितलं. हसला नाही. "तू? सोपी केलीस?" एवढंच. मग म्हणाला, जा आणि सांग त्यांना. फोनवर नको.

२१ फेब्रु., शनि. सणसर.
सांगितलं.
"तात्या, नाव काढा. ट्रॉली तुमी सरळ करत नव्हता. गेम करत होती. मी तसं घातलंतं तिच्यात."
"पहिल्यापास्नं?"
"व्हय."
"सातवी बी?"
"सगळ्याच."
आई परात धुता धुता थांबली. तात्या फोनकडं बघत बसले. मग म्हणाले, "आन ती कॉलेजची पोरं? त्यांना बी देती व्हय सरळ करून?"
"न्हाय."
"मग मलाच का?"
म्हटलं, तुमचं तोंड बघवत नव्हतं मला.
"माझं तोंड," म्हणाले, आणि काठी न घेता बाहेर गेले.
आईनं सोलून काढलं मला. "एवढी शिकलीस आन बापाला फसवलंस?" मी ढसाढसा रडले. तर पदरानं माझं नाक पुसत तीच म्हणते, "पर माझ्या फोनात सोपीच टाक हां." मी रडता रडता हसले, मग पुन्हा रडले.

२२ फेब्रु., रवि.
सकाळी तात्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला. "पोरांची टाक."
टाकली. दिवसभर बांधाला. मी न बघितल्यासारखं करत मटकी निवडत होते. फोन उपडा पडेल, पडेल असं वाटत होतं. दुपारी कॉटवरून हसू ऐकू आलं. "थांब लेका, आता कुटं जातुयास!" ट्रॉलीला म्हणत होते. परत बांधाला, परत हसू. सातवी लागली तेव्हा ओरडत होते, पण असं हसले नव्हते. मी मटकी खाली ठेवली.
दिवेलागणीला पहिली पायरी लागली. एकच. ओरडले नाहीत. फोन माझ्याकडं धरला. "आता कुनी लावली?"
"तुमी."
"बघ मग."
नावाचं विचारलं. म्हणाले, ते माझं मी बघतो.

२५ फेब्रु., बुध. बारामती.
ओंकारशी भांडण. आईची सोपी ठेवायची की तात्यांची अवघड? तो म्हणतो, दोन्ही ठेव, ज्याची त्यानं निवडावी. पण सोपी घेतलीय हे खेळणाऱ्याला समोर दिसलंच पाहिजे, एवढ्यावर मी अडून बसले. तोसुद्धा चिडला. ठरलं काहीच नाही.
आईचा फोन. तात्या दुसऱ्या पायरीवर. नाव काढलेलं नाही.

२८ फेब्रु., शनि. सणसर.
उद्या स्पर्धा. ऊस तुटून गेलेल्या रानात सचिनदादानं ट्रॅक्टर आणून लावला, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. "चढून तर बघू द्या त्यांना," म्हणाला. आईनं तिकडं यायचंच नाकारलं.
तात्या चढले. दादानं खालून पाय उचलून क्लचवर ठेवला. तो त्यांनी काढला, आणि स्वतः ठेवला. वेळ लागला.
"दिपे, मागं उभी ऱ्हा."
ट्रॉली मागं घेताना कुणीतरी मागं उभं राहून हात हलवत ओरडतं, येऊ द्या, येऊ द्या. उद्या स्पर्धेत ते चालत नाही. आज सराव.
मी लांब, बाजूला उभी राहिले. तात्या सीटवरून वळून बघत होते. "तिरकी आली तर तिरकी म्हणायचं. माझं तोंड बघून येऊ द्या म्हणायचं न्हाय."
ट्रॉल्या हलल्या. मी ओरडले, येऊ द्या, येऊ द्या. मागची ट्रॉली डावीकडं जायला लागली. थोडी. अजून थोडी. त्यांना वाटत होतं जमतंय, चेहरा फुलला होता. येऊ द्या ओठांवर आलं होतं.
"तिरकी! तात्या, तिरकी! थांबा!"
थांबले. पण क्लच वेळेवर दाबला गेला नाही, इंजिन आचका देऊन बंद पडलं. दादा पळत आला. "बास करू या का?"
तात्यांनी हातानं मांडीला धरून पाय परत क्लचवर ठेवला, चावी फिरवली, ट्रॅक्टर पुढं घेतला.
ऊन उतरलं. तीनदा झालं, तिन्हीदा मी तिरकी म्हणाले. बांधावर बसून हे लिहितेय. दादानं यादी आणलीय, तात्यांचं नाव अकरावं आहे. काढायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, असं स्पर्धेवाले म्हणालेत.
तात्या मला हाक मारतायत, मागं उभं राहायला.